स्वॅबला घाई, रक्ताला सबुरी

रात्री साडेअकराला फोनवर एक फोटो आला आणि पाठोपाठ एक ओळ : "दादा, जागा आहेस का?" पाठवणारा माझ्या मित्राचा धाकटा भाऊ. पुण्यात नोकरी, वय सव्वीस. मी डॉक्टर नाही. पण वैद्यकीय विषयांवर लिहितो एवढ्या भांडवलावर ओळखीपाळखीतले निम्मे रिपोर्ट माझ्याकडे येतात आणि उरलेले निम्मे लाजेपोटी घरीच कपाटात राहतात. हा कपाटातलाच होता, भीतीने बाहेर काढला होता.

फोटोत लॅबचा छापील कागद. 'हर्पीस सिम्प्लेक्स १ व २, आयजीएम' अशी ओळ, पुढे ठळक टायपात १.२४, त्याला एक चांदणी आणि शेजारी 'पॉझिटिव्ह'. खाली बारीक अक्षरांत संदर्भमूल्यं : ०.९० च्या खाली निगेटिव्ह, ०.९० ते १.१० संदिग्ध, त्यावर पॉझिटिव्ह. अगदी तळाशी, आणखी बारीक अक्षरांत, 'लक्षणांशी पडताळून पाहावे' अशा अर्थाचं एक वाक्य. हे वाक्य प्रत्येक रिपोर्टवर असतं आणि सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्याइतक्याच गांभीर्याने वाचलं जातं.

फोन लावला. नऊ दिवसांपूर्वी एक प्रसंग घडला होता, निरोध वापरला नव्हता. त्यानंतर ना फोड, ना खाज, ना ताप. नेटवर वाचून वाचून झोप मात्र उडाली. सकाळी उपाशीपोटी लॅब गाठली (उपाशी कशाला, ते त्यालाही माहीत नव्हतं) आणि काउंटरवर हळू आवाजात विचारलं, "हर्पीसची टेस्ट होते का?" काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरच्या यादीत जी सापडली ती लावली. लॅबचं काही चुकलं नव्हतं; जे मागितलं ते त्यांनी मोजलं. पण चाचणी नको ती होती, दिवस नको तो होता, आणि ज्याच्या अंगावर एकही फोड नाही अशा माणसाला तो १.२४ हा आकडा काय सांगतो, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. या प्रकरणात तो कागद उलगडून पाहायचा आहे.

आधी नावाचा घोळ. 'हर्पीस' म्हटलं की आपल्याकडे अनेकांना नागीण आठवते : कमरेला अर्धा विळखा घालणारे फोड, तोंडाला शेपूट मिळाली तर माणूस दगावतो ही भीती, गेरूचा लेप. तो हर्पीस झोस्टर. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि पुन्हा जागा झाला की नागीण उठते. आपला विषय आहे हर्पीस सिम्प्लेक्स, त्याच कुळातला पण वेगळा. गंमत म्हणजे 'हर्पीस' हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला आणि तो धातू आपल्या 'सर्प'चा सख्खा चुलतभाऊ आहे. ग्रीक वैद्याला आणि आपल्या आजीला त्वचेवरून पुढे सरकणारे फोड पाहून एकच प्राणी आठवला.

हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार. टाइप-१ बहुतेकदा तोंडाचा : ताप उतरला की ओठाच्या कोपऱ्यात येणारा बारीक फोडांचा झुपका. टाइप-२ बहुतेकदा जननेंद्रियांचा. 'बहुतेकदा' हा शब्द इथे पातळ समजू नये, कारण मुखमैथुनातून टाइप-१ जननेंद्रियांवरही येतो आणि काही देशांत तिथल्या पहिल्या फोडांमागे तोच जास्त सापडू लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जगातल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे दर तिघांतल्या जवळपास दोघांच्या, अंगात टाइप-१ आहे. टाइप-२ असलेले १५ ते ४९ वयाचे लोक सुमारे ५२ कोटी. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झालंय याची गंधवार्ता नसते. फोड येतही नाहीत, किंवा इतके किरकोळ येतात की घामोळं, नायटा, दाढीच्या ब्लेडने झालेली जखम अशा नावांवर खपून जातात.

चाचणीचं सगळं त्रांगडं या विषाणूच्या राहणीमानातून आलं आहे. तो त्वचेतून शिरतो, तिथे थोडा धुमाकूळ घालतो आणि जवळच्या संवेदना-मज्जातंतूच्या आधाराने वर चढून मज्जापेशींच्या गाठीत जाऊन बसतो. तोंडाचा असेल तर कवटीच्या तळाशी, खालचा असेल तर माकडहाडाच्या वरच्या, मणक्यालगतच्या गाठीत. तिथे तो वर्षानुवर्षं गप्प असतो. मधूनच उतरतो, त्वचेवर येतो, परत जातो. रक्तात तो सहसा फिरत नसतो. म्हणून नुसतं रक्त काढून त्यात विषाणू शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

मग उरतात दोन वाटा. फोड असेल तर फोडातच विषाणू शोधायचा. फोड नसेल तर रक्तात विषाणूऐवजी, त्याच्याशी झालेल्या झटापटीत शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधायची. कोविडने आपल्याला हा फरक फुकटात शिकवला होता : नाकातला स्वॅब वेगळा आणि 'अँटिबॉडी काढून आलो' ते वेगळं. हर्पीसलाही तोच हिशेब लागू आहे, फक्त वेळेचं गणित दोन्हीकडे उलटं. स्वॅबला घाई करावी लागते, रक्ताला थांबावं लागतं. आणि लोक करतात नेमकं उलट.

स्वॅबपासून सुरुवात करू. फोड हा खरं तर विषाणूचा कारखाना असतो, पण तो चालतो थोडेच दिवस. पहिल्या एक-दोन दिवसांत पाण्याने भरलेले बारीक फोड असतात, त्यातलं पाणी विषाणूंनी गच्च भरलेलं. मग फोड फुटतो, उथळ व्रण होतो, खपली धरते. खपली धरली की विषाणू शोधणं अवघड. चांगला डॉक्टर ताजा फोड सुईच्या टोकाने अलगद उघडतो आणि कापसाच्या नव्हे, कृत्रिम धाग्याच्या काडीने त्याचा तळ घासतो. नुसतं वरचं पाणी टिपून भागत नाही. विषाणू तळाच्या पेशींत असतो, त्या पेशी काडीला लागायला हव्यात. दुखतं. रुग्ण 'स्स्' करतो. न दुखता घेतलेल्या स्वॅबबद्दल मला तरी थोडी शंका वाटते. काडी मग पोषक द्रावणाच्या नळीत तोडून थंड डब्यातून लॅबकडे जाते.

लॅबमध्ये पूर्वी या नमुन्यातून विषाणू वाढवून पाहत, म्हणजे कल्चर करत. जिवंत विषाणू लागतो, त्यामुळे व्रण जुना झाला, नमुना उन्हात राहिला, की कल्चर निगेटिव्ह. पहिल्या वेळच्या भरघोस फोडांत ते बऱ्यापैकी साधतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या किरकोळ फोडांत बरेच खरे रुग्ण त्यातून निसटतात. आता पीसीआर आहे. कोविडच्या चाचणीतलं 'आरटी' इथे लागत नाही, कारण हर्पीसचा विषाणू मुळात डीएनएचाच आहे. आरएनएचं डीएनए करून घेण्याचा उपद्व्याप नको. पीसीआरला विषाणू जिवंत असायची गरज नाही, त्याच्या जनुकाचा तुकडा पुरतो, आणि टाइप-१ की टाइप-२ हेही तो सांगतो. फोडाच्या स्वॅबवरचा पीसीआर पॉझिटिव्ह आला तर त्यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

आपल्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचाविभागांत आणखी एक जुनं साधन अजून तग धरून आहे : त्झांक स्मिअर. आर्नो त्झांक या फ्रेंच डॉक्टरने १९४७ मध्ये ते रूढ केलं. व्रणाचा तळ खरवडायचा, काचपट्टीवर पसरायचं, गीम्साच्या रंगात बुडवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. विषाणूने झपाटलेल्या पेशी एकमेकींत मिसळून एकाच पोटात पाच-सात केंद्रकं घेऊन बसलेल्या दिसतात. खर्च नगण्य, अर्ध्या तासात उत्तर. पण नागीण असो की सिम्प्लेक्स, पेशी सारख्याच दिसतात आणि प्रकार कळायचा तर प्रश्नच नाही. शिवाय बरेच खरे रुग्ण निसटतात. निवासी डॉक्टरच्या शिक्षणासाठी ते उत्तम; माणसाच्या लग्नाचा निकाल त्यावर लावू नये.

आता आपल्याकडचा शिरस्ता पाहा. फोड आला की पहिले तीन-चार दिवस 'उष्णता बाहेर पडली' म्हणून जातात. मग मेडिकलमधून एक ट्यूब येते, जिच्यात बुरशीचं, जिवाणूचं आणि स्टेरॉइड अशी तिन्ही औषधं गुण्यागोविंदाने नांदत असतात. आठवड्याने डॉक्टरकडे जायचं धाडस होतं, तोवर तिथे खपली नाहीतर नुसता लालसर डाग. डॉक्टर म्हणतात, आता स्वॅबमध्ये काही येणार नाही, रक्त तपासू. ज्या चाचणीने निकाल लागला असता तिची वेळ अशी मलमात गेली. फोड आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत डॉक्टरसमोर, आणि तोवर त्यावर काहीही न लावता, एवढं पाळलं तरी पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तर बहुधा चाचणीच होत नाही. तिथे लक्षणं पाहून उपचार करायची पद्धत आहे. फोड असलेला व्रण दिसला की लाल पाकीट, किट क्रमांक पाच : ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. तालुक्याच्या गावात जिथे पीसीआर नाही आणि रुग्ण पुन्हा येईल याचा भरवसा नाही, तिथे हा शहाणपणाचाच मार्ग आहे. पण पाकीट घेतलेल्या माणसाच्या हाती 'मला हर्पीस आहे' याचा पुरावा नसतो. दहा वर्षांनी कुणी विचारलं तर त्याच्याकडे सांगायला फक्त पाकिटाचा रंग असतो.

स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून सुटका नाही, हेही खरं. विषाणू रोज त्वचेवर येत नाही. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप-२ असलेल्या लोकांकडून महिनाभर रोज घरच्या घरी स्वॅब घेववले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांना फोड येत असत त्यांच्या अंगावर सुमारे २० टक्के दिवस विषाणू सापडला आणि ज्यांना आयुष्यात कधी फोड आलेच नव्हते त्यांच्याही अंगावर सुमारे १० टक्के दिवस. दुसऱ्या आकड्याने जास्त विचार करायला लावलं : काहीही न दिसता दहातला एक दिवस. याचाच दुसरा अर्थ, कोरड्या, निरोगी त्वचेवरून एखाद्या दिवशी घेतलेला स्वॅब दहातल्या नऊ वेळा निगेटिव्ह येणार, आणि त्यावरून काहीही सिद्ध होणार नाही.

आता रक्त. आमच्या रात्रीच्या रिपोर्टवर जे 'आयजीएम' होतं, ते शरीराचं पहिल्या धावपळीचं प्रतिद्रव्य. नवी लागण झाली की आधी आयजीएम, मग मुरलेलं आयजीजी, असं कॉलेजच्या पुस्तकात असतं आणि काही आजारांत ते बऱ्यापैकी चालतंही. हर्पीसमध्ये चालत नाही. जुन्या रुग्णाला पुन्हा फोड आले की आयजीएम पुन्हा वर येऊ शकतं, म्हणजे 'नवी लागण' हा अर्थ लागत नाही. टाइप-१ आणि टाइप-२ यांतला फरक ते सांगत नाही, म्हणजे लहानपणी ओठावर आलेला फोड आणि परवाचा प्रसंग एकाच ओळीत येतात. आणि दुसऱ्याच कुठल्या कारणाने बनलेल्या प्रतिद्रव्यांनाही ते भुलतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हर्पीससाठी आयजीएम करू नका असं स्वच्छ लिहून ठेवलं आहे. तरी आपल्याकडच्या लॅबांच्या यादीत ते आहे, पॅकेजमध्ये आहे, सवलतीत आहे.

कामाचं ते आयजीजी, तेही सगळं नाही. दोन्ही प्रकारांची बहुतेक प्रथिनं इतकी सारखी की त्यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं एकमेकांच्या घरात सर्रास शिरतात. जुन्या चाचण्या संपूर्ण विषाणूचा काला वापरत, म्हणून त्यांना प्रकार ओळखता येत नसे. एकच प्रथिन दोघांत पुरेसं वेगळं निघालं : ग्लायकोप्रोटीन जी. त्याच्यावर बेतलेल्या चाचणीला 'टाइप-स्पेसिफिक आयजीजी' म्हणतात, आणि रक्तच तपासायचं तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर हेच शब्द असायला हवेत. 'हर्पीस प्रोफाइल' नव्हे.

आणि ही प्रतिद्रव्यं बनायला वेळ लागतो. अनेकांच्या रक्तात ती दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतात, काहींच्या दोन महिन्यांनीही नाहीत. म्हणून संशयाच्या तारखेपासून बारा आठवडे मोजायचे आणि मग रक्त द्यायचं, असा संकेत आहे. एचआयव्हीच्या समुपदेशकांनी 'विंडो पिरियड' हा शब्द गावोगाव नेला. इथेही तोच. चौथ्या आठवड्यातलं निगेटिव्ह म्हणजे 'अजून नाही' आणि बाराव्यानंतरचं निगेटिव्ह म्हणजे बहुतांशी 'नाही'. शिर्डीच्या त्या दोन शब्दांतला दुसरा इथे औषधासारखा घ्यावा लागतो.

नऊ दिवसांनी दिलेल्या रक्ताला एक उपयोग मात्र असू शकतो. टाइप-स्पेसिफिक आयजीजी त्या दिवशी केलं असतं आणि ते पॉझिटिव्ह आलं असतं, तर ती प्रतिद्रव्यं परवाच्या प्रसंगाची नव्हेत, आधीची, असं म्हणायला आधार मिळाला असता. निगेटिव्ह आलं असतं तर बारा आठवड्यांनंतरच्या रिपोर्टशी ताडायला एक खुंटी मिळाली असती. लॅबवाल्यांना हे कुणी विचारत नाही आणि ते आपणहून सांगत नाहीत.

आता तो आकडा. इथे थोडं थांबून चाचणी चालते कशी ते पाहायला हवं, कारण लोक १.२४ कडे साखरेच्या आकड्यासारखं पाहतात. प्लास्टिकच्या चपट्या थाळीत शहाण्णव बारीक खळगे असतात. प्रत्येकाच्या तळाला विषाणूचं प्रथिन चिकटवलेलं, टाइप-स्पेसिफिक चाचणीत ते ग्लायकोप्रोटीन. त्यात रुग्णाच्या रक्ताचा पातळ केलेला द्रव घालतात, धुतात. प्रतिद्रव्यं असतील तर ती तळाला चिकटून राहतात. मग रंग आणणारं विकर जोडलेलं दुसरं द्रव्य, पुन्हा धुणं, शेवटी रंगाचं पाणी. खळगा जितका गडद तितकी प्रतिद्रव्यं जास्त. यंत्र तो गडदपणा मोजतं आणि सीमारेषेच्या नमुन्याच्या गडदपणाने भागतं. आलेला भागाकार म्हणजे तुमचा 'इंडेक्स'. १.२४ म्हणजे सीमारेषेपेक्षा चोवीस टक्के गडद, एवढंच. थोडासा हर्पीस किंवा सौम्य हर्पीस असा त्याचा अर्थ नाही, आणि एका कंपनीच्या किटचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी ताडून वाढलं की घटलं असं म्हणताही येत नाही.

सीमारेषेच्या जरा वर डोकावणारे आकडे सगळ्यात फसवे. आधीपासून वापरात असलेल्या टाइप-२ च्या किटमध्ये १.१ ते ३ च्या दरम्यानचे आकडे मोठ्या प्रमाणावर खोटे पॉझिटिव्ह निघाले. वॉशिंग्टन विद्यापीठाकडे पडताळणीसाठी आलेल्या नमुन्यांत या पट्ट्यातल्या निम्म्यांनाही दुजोरा मिळाला नाही. म्हणून रोगनियंत्रण केंद्राची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते की आकडा ३ च्या खाली असेल तर दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय निदान करू नये. दुसरी पद्धत म्हणजे बहुधा सिॲटलचीच वेस्टर्न ब्लॉट : विषाणूची प्रथिनं विजेच्या साहाय्याने आकारमानाप्रमाणे पट्टीवर वेगवेगळी पसरायची आणि रुग्णाची प्रतिद्रव्यं नेमकी कुठल्या रेघांना चिकटतात ते जाणत्या डोळ्याने वाचायचं. भारतातून तिथे नमुना पाठवणं ही चैन आहे. आपल्यासाठी व्यवहार्य म्हणजे काही आठवडे थांबून वेगळ्या कंपनीच्या टाइप-स्पेसिफिक किटवर पुन्हा तपासणं. खरी लागण असेल तर आकडा सहसा चढतो, खोटा असेल तर तिथेच घुटमळतो.

खोटे पॉझिटिव्ह इतके कसे, याचं उत्तर किटमध्ये जितकं आहे तितकंच रांगेत कोण उभं आहे यात आहे. कागद-पेन्सिल घ्या. समजा, एका चाचणीने शंभर खऱ्या रुग्णांतले ९५ पकडले जातात आणि शंभर निरोगी माणसांतल्या १० जणांना ती उगाच पॉझिटिव्ह ठरवते. आता एक हजार लोक असे घ्या की ज्यांच्यात टाइप-२ फक्त ५ टक्के आहे. खरे रुग्ण ५०, पकडले ४८. निरोगी ९५०, त्यांतले ९५ उगाच पॉझिटिव्ह. एकूण १४३ पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी खरे ४८, म्हणजे तिघांत एक. हीच थाळी, हाच रंग, हेच यंत्र आता दुसऱ्या रांगेकडे न्या. पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या, एचआयव्ही नसलेल्या अडीच हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास केला होता. २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांच्यात टाइप-२ चं प्रमाण ४३ टक्के निघालं. अशा एक हजार लोकांत खरे पॉझिटिव्ह ४०८ आणि खोटे ५७. आठांतले सात रिपोर्ट खरे. चाचणी बदलली नाही, माणसं बदलली.

त्या पुण्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती : टाइप-२ ची लागण नुकतीच झालेल्यांना एचआयव्ही होण्याचा धोका जवळपास चौपट होता. म्हणजे हर्पीस शोधण्याला अर्थ नाही असं मुळीच नाही. पण लक्षणं नसलेल्या सरसकट सगळ्यांचं रक्त तपासू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं, गरोदर स्त्रियांनाही त्यात धरून. कारण हे वरचंच गणित. आपल्याकडे 'एक्झिक्युटिव्ह चेकअप' विकणाऱ्यांना ते कुणीतरी मराठीत समजावून सांगायला हवं.

टाइप-१ च्या रक्तचाचणीत दोन वेगळ्या अडचणी. नेहमीच्या किटमधून दर दहातली तीनेक खरी माणसं निसटतात. आणि पॉझिटिव्ह आली तरी विषाणू ओठाच्या गाठीत बसलाय की माकडहाडाच्या, ते प्रतिद्रव्याला ठाऊक नसतं. लहानपणी आत्याने घेतलेल्या पापीपासून परवाच्या रात्रीपर्यंत काहीही त्यात मावतं.

चाचण्यांची खरी करामत दिसते ती दोन्ही एकत्र केल्यावर, आणि नेमकी तिथे घरं मोडता मोडता वाचतात. लग्नाला तीन वर्षं झालेली बाई घ्या. पहिल्यांदाच फोड आले, स्वॅबमध्ये टाइप-२. घरात तासाभरात एकच प्रश्न : कुणाकडून? नवरा तिच्याकडे पाहतो, सासू माहेरच्या दिशेने, ती नवऱ्याकडे. पहिले फोड म्हणजे पहिली लागण, असं सगळे धरून चालतात. पण त्याच दिवशी रक्तही तपासलं आणि टाइप-२ चं आयजीजी रक्तात आधीच मुरलेलं निघालं, तर ही लागण या आठवड्याची नाही. निदान काही आठवडे जुनी, कदाचित लग्नाआधीची, वर्षानुवर्षं गप्प बसलेली आणि आत्ता कुठल्याशा तापाच्या, बाळंतपणाच्या, जागरणाच्या निमित्ताने वर आलेली. उलट स्वॅब पॉझिटिव्ह आणि रक्त निगेटिव्ह, म्हणजे लागण ताजी. बारा आठवड्यांनी रक्त पुन्हा दिलं की प्रतिद्रव्यं उगवलेली दिसतात. एवढं सगळं झालं तरी रिपोर्ट 'केव्हा'चा अंदाज देतो, 'कोण'चा नाही. नवऱ्याला कधीच फोड आले नसतील तरी विषाणू त्याच्याकडचा असू शकतो, हे वरच्या दहा टक्के दिवसांच्या हिशेबातून उघड आहे. चांगले त्वचारोगतज्ज्ञ हे दोघांना एकत्र बसवून सांगतात. आधी एकालाच सांगितलं की दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं आरोपपत्र झालेलं असतं.

आणि मग टॉर्च. महाराष्ट्रात हर्पीसची सगळ्यात जास्त रक्तं काढली जात असतील तर ती गुप्तरोगाच्या दवाखान्यात नव्हे, प्रसूतिगृहात, असं मला फार दिवस वाटत आलं आहे. एकदा, दोनदा गर्भ पडलेल्या बाईच्या प्लास्टिकच्या फायलीत सोनोग्राफीच्या खाली हमखास एक टॉर्चचा रिपोर्ट असतो : टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पीस, प्रत्येकाचं आयजीएम आणि आयजीजी. हे नाव अटलांटातले बालरोगतज्ज्ञ आंद्रे नाहमियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये सुचवलं. आईकडून बाळाला होणाऱ्या, नवजात बाळात एकसारख्या दिसणाऱ्या काही संसर्गांची आठवण राहावी म्हणून केलेलं ते आद्याक्षरांचं जोडकाम. बाळ आजारी दिसलं तर काय काय शोधायचं त्याची यादी होती ती. पुढे ती वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण शोधायची यादी झाली, आणि ते काम तिला झेपत नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वारंवार गर्भपातात सरसकट टॉर्च करणं सोडून द्यावं असं आपल्या मार्गदर्शिकेत लिहिलं. तरी आपल्याकडे हर्पीसचं आयजीएम जरा वर आलं की बाईला महिनाभराच्या गोळ्या लागतात आणि घरात कुजबुज लागते, कारण फायलीतला 'हर्पीस' हा शब्द नणंदेनेही गुगल केलेला असतो.

गरोदरपणात हर्पीसची खरी धास्ती आहे ती वेगळ्या ठिकाणी. आईला पहिल्यांदा लागण बाळंतपणाच्या तोंडावर झाली तर बाळाला ती होण्याची शक्यता ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. जुनी लागण असेल तर एक टक्क्याहून कमी, कारण आईची मुरलेली प्रतिद्रव्यं बाळाच्या पाठीशी असतात. म्हणजे जे जुनं आयजीजी पाहून घरचे हबकतात, ते बाळासाठी एका परीने कवचच असतं. शेवटच्या तीन महिन्यांत उठलेला नवा फोड मात्र कितीही लहान असला तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचा, स्वॅबसह.

त्या रात्री मित्राच्या भावाला यातलं निम्मंच सांगितलं. साडेबारा वाजून गेले होते. आयजीएमचा कागद बाजूला ठेव. अंगावर काही उठलं तर मलम न लावता त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरकडे जा. तोवर निरोधाशिवाय काही नाही. एचआयव्ही आणि सिफिलिसची व्हीडीआरएल यांचं वेळापत्रक वेगळं आहे, ते डॉक्टरला आधी विचार. आणि काहीच उठलं नाही तर बारा आठवडे पूर्ण झाल्यावर टाइप-स्पेसिफिक आयजीजी, बस्स.

"म्हणजे अजून पंचाहत्तर दिवस?" तो म्हणाला. हिशेब त्याने माझ्याआधी केला होता.

दिवाळीत तो गावी गेला तेव्हा स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन पानं उलटून त्याने एका तारखेला पेनाने गोल केला. मागून आईने विचारलं, "हे काय रे?"

"गॅसचा नंबर लावायचाय."

"गॅस तर परवाच आलाय," आई म्हणाली आणि चकल्या उलटायला वळली.